बेसला हात लावण्याआधीच वाजणारा ‘जी’: स्टेजवरच्या घरघरीचा माग

तक्रार एका ओळीची आहे. घरी बेस (खर्जातले सूर वाजवणारं चार तारांचं वाद्य) स्वच्छ वाजतो, स्टेजवर चढलं की स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ सुरू. दर गिगला. कधी बारीक, कधी इतकी मोठी की पहिल्या रांगेतले काका मागं वळून जनरेटर शोधतात. साउंडवाले म्हणतात, ‘तुमचा गिटारच वराडालाय बघा.’ (बेसला गिटार म्हटलेलं मी आता मनावर घेत नाही.) मग आपण घरी येऊन बेस उघडतो, एखादी वायर पुन्हा सोल्डर करतो, आणि पुढच्या गिगला परत घूं.

मी चार वर्षं हेच केलं. इथं बेळगावात शहापूर-वडगावकडचे गणपतीचे मंडप, खानापूर रोडवरची लग्नाची लॉन, निपाणी-चिकोडीकडचे ऑर्केस्ट्रे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून टिळकवाडीत आमच्या तिघांचा फंकचा (ठेक्यावर नाचवणारं अमेरिकन संगीत) सेट. सगळीकडं घूं. आता ती कायमची गेली असं नाही, पण कुठून येते ते दोन मिनिटांत सापडतं. कसं, ते सांगतो.

ऑर्केस्ट्रात ही घरघर खपून जाते. ऑक्टोपॅड, की-बोर्ड, ढोलकी, दोन गायक. एवढ्या गर्दीत तिला कोण विचारतंय? फंकमध्ये तसं चालत नाही. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेवर, त्यांच्या भाषेत ‘वन’वर, सगळं वजन मागायचा. आमच्या तबलजी मित्राला हे मी मोठ्या उत्साहानं समजावलं, तर तो म्हणाला, ‘म्हणजे समच की. ह्यात नवीन काय?’ खरंय त्याचं. फरक एवढाच की समेवर आदळून झालं की फंकमध्ये बेस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावरच लोकांचे पाय हलतात. घरघर नेमकी त्या रिकाम्या जागेत येऊन बसते. त्यात कंप्रेसर (मोठा आणि बारीक आवाज एका पातळीवर आणणारी पेटी) लावला असला तर बघायलाच नको. तुम्ही थांबलात की तो इमानेइतबारे घरघर वर उचलून देतो.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी पेटी) लावा, असा सल्ला मिळतो. मी लावून बघितला. घरघरीबरोबर माझ्या अर्धवट दाबलेल्या मुक्या ठोक्यांनाही त्यानं दार बंद केलं. ते ठोके गेले तर फंकमध्ये उरतं काय?

आधी घरघरीचा सूर ओळखा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड, ई तारेवर तिसऱ्या पडद्याला ‘जी’ नावाचा जो सूर मिळतो तो ४९ हर्ट्झचा, आणि त्याच्या पुढचा जी शार्प जवळजवळ ५२चा. म्हणजे आपली घरघर जीच्या किंचित वर, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी चढलेली असते. तो तिसऱ्या पडद्याचा जी लांब धरून वाजवा आणि कान द्या. सेकंदाला एकदा ‘वाँव… वाँव…’ असं डोलणं ऐकू येईल. मोकळी जी तार ९८ची आणि घरघरीचा वरचा सूर १००चा, म्हणून तिथं ते डोलणं सेकंदाला दोनदा. तंबोरा लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि ऐकणाऱ्यांनाही. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर आहे. या मुलखात सुराची बारीक चूक कुणाला कळणार नाही, या भ्रमात राहू नका. एका छोट्या कार्यक्रमानंतर एक आजोबा जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बाळा, वाजवतोस चांगलं, पण तुमचा तंबोरा जरा चढलाय.’ स्टेजवर तंबोरा नव्हता.

या आकड्यांवरून आणखी एक लक्षात येईल. घरघर घालवायला साउंडवाले मिक्सरवर ५० आणि १००च्या आसपास खच्चून कट मारतात. घरघर कमी होते, पण त्याबरोबर तुमचे दोन्ही जी गळून पडतात. तुम्ही बोटं दुखेस्तोवर वाजवता आणि तेवढाच एक सूर खालच्या लोकांपर्यंत पोचत नाही. कट मारलेला दिसला तर गोड बोलून काढून घ्या.

सुरावरून बाकीचाही अंदाज येतो. गोल, मऊ ‘ऊंऽऽ’ असेल तर बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तुमच्या पिकअपमध्ये (तारांखालचं चुंबक आणि तारेचं गुंडाळं, जे तारांचा कंप पकडतं) शिरतंय. काचेवर नख ओढल्यासारखा ‘झर्रर्र’ असेल तर संशय दिव्यांचे डिमर, स्वस्तातले अडॅप्टर आणि अर्थिंगवर. हा अंदाजच आहे, निकाल नव्हे. आणि घरघर वर-खाली सरकत असेल तर ती जनरेटरवरून येतेय. हे मला ट्यूनरनं शिकवलं. निपाणीकडच्या एका कार्यक्रमाला लाइटवाले अजून दिवे लावायचे होते, जनरेटर जवळजवळ रिकामाच चालला होता. मी तार न छेडता उभा, आणि ट्यूनर पेडलवर (तारेचा सूर दाखवणारी, पायानं दाबायची डबी) ‘जी शार्प’, हिरवा दिवा, काटा बरोबर मधोमध! म्हणजे जनरेटर ५२वर पळत होता. दिवे लागले, त्याच्यावर ओझं आलं, आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत जीकडं उतरला. ड्रमरला हाक मारून दाखवलं. त्याला काही वाटलं नाही.

मग ट्यूनर दाबा

सगळ्यात कामाची युक्ती हीच, आणि तिला पैसे पडत नाहीत. बेसमधून निघालेली वायर आधी ट्यूनर पेडलमध्ये जाऊ द्या, बाकी पेडल त्याच्यानंतर. स्टेजवर घरघर सुरू झाली की ट्यूनर दाबा, म्हणजे तो बेसचा आवाज पुढं जाऊ देत नाही. घरघर थांबली, तर ती ट्यूनरच्या आधी आत शिरतेय: बेस, पहिली वायर किंवा तुम्ही उभे आहात ती जागा. तशीच चालू राहिली, तर तुमचा बेस निर्दोष आहे. भांडण पुढं आहे.

माझ्या हिशेबानं दहापैकी सात वेळा ती चालूच राहते. आणि मी चार वर्षं बेस उघडत होतो.

थांबली असेल तर काय? वायर बदलून बघा, एवढं तर कुणीही सांगेल. पण एक गंमत सांगतो. एकदा माझी वायर तुटली आणि साउंडच्या पोरानं पेटीतून दुसरी दिली. दोन्ही टोकांना पी-थर्टीएट जॅक (बेसला लागतो तोच), दिसायला तशीच, उलट जाडच. लावली आणि स्पीकर हंबरला. ती स्पीकरची वायर होती. तिच्यात नुसत्या दोन तारा असतात, वरून जाळीचं वेष्टण नसतं, त्यामुळं हवेतलं सगळं ती गोळा करते. टोक उघडून बघा: बेसच्या वायरीत मधे एक तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी दिसली पाहिजे.

वायर ठीक असेल तर जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घरघर वाढते आणि काटकोनात वळलं की पडते, असं असेल तर ते चुंबकीय क्षेत्र आहे. इथं माझी एक कबुली. पिकअपची सगळी खाच मी तांब्याच्या पट्टीनं मढवली होती. दोन रविवार गेले, बोटं कापली. फरक? झर्रर्र बराच कमी झाला, ऊंऽऽ तसाच. कारण तांब्याचा पातळ पत्रा विद्युत क्षेत्राला अडवतो, ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तो काही करू शकत नाही. त्यावर उपाय दोनच: ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकणं, नाहीतर पिकअपची दोन गुंडाळी एकमेकांविरुद्ध जोडणं.

ही दुसरी युक्ती जुनी आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ला आला तेव्हा त्याला एकच साधं गुंडाळं होतं. १९५७मध्ये त्याचे दोन तुकडे करून ते उलटसुलट जोडले आणि घरघर आपसांत कटली. त्यांच्याच १९६०च्या जॅझ बेसला दोन वेगळे पिकअप आहेत. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की तेही एकमेकांची घरघर कापतात. एकाचा व्हॉल्यूम जरा उतरवला की कापाकापी बिघडते. अडचण अशी की आम्हा फंकवाल्यांना पुलाजवळच्या (तारा खालच्या टोकाला टेकतात तो ब्रिज) एकट्या पिकअपचा तो नाकातला, खुसखुशीत आवाज आवडतो. मी दोन वर्षं हट्टानं तेवढाच लावायचो. आता अंगठ्यानं ठोकत असेन तेव्हा दोन्ही पूर्ण उघडे ठेवतो, तसाही अंगठ्याला तोच आवाज शोभतो. बोटांनी वाजवायची गाणी आली की एकटा पिकअप लावतो आणि दोन सुरांच्या मधे तळहात तारांवर टेकवून ठेवतो. हट्ट सोडवत नसेल तर त्याच मापाचे, आत दोन गुंडाळी एकावर एक बसवलेले पिकअप मिळतात. आवाजात थोडा फरक पडतो. मला तो चालला नाही. तुम्हाला चालेल कदाचित.

अंगठ्यावरून आठवलं. ही ठोकण्याची तऱ्हा ज्यानं रुजवली तो लॅरी ग्रॅहॅम आईबरोबर छोट्या बँडमध्ये वाजवायचा. ड्रमर राहिला नाही, म्हणून ढोलाचा ठोका अंगठ्यानं आणि स्नेअर ड्रमचा तारा उपटून काढायला लागला. आपल्याकडंही ढोलकीवाला ऐनवेळी आला नाही की काय काय सुचतं!

आणखी एक खूण. तारांना हात लावला की घरघर कमी होते, हे ठीक आहे, बिघाड नव्हे. तुमचं शरीर अँटेनासारखं काम करत असतं आणि तारेमार्गे ते अर्थला जोडलं जातं. तारांना लावून फरक नाही पण वायरीच्या धातूच्या टोकाला बोट लावलं की घरघर पडते, असं असेल तर बेसच्या आतून पुलाखाली जाणारी अर्थची वायर सुटली आहे. हा मात्र खरंच तुमच्या बेसचा दोष. पाच मिनिटांचं सोल्डरिंग. आणि तारांना हात लावल्यावर घरघर *वाढत* असेल, तर हात काढा, बेस खाली ठेवा आणि पुढचा भाग नीट वाचा.

अर्थची जाड पिन

ट्यूनर दाबूनही घरघर चालू असेल तर बहुतेक वेळा गोष्ट अशी असते: तुमचा अँप स्टेजजवळच्या बोर्डात लावलेला. मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या बोर्डात. अँपमधून निघालेली कॅननची (माइकला लागते ती, तीन पिनांची) वायर मिक्सरला जाते. म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांना दोनदा जोडली गेली, एकदा भिंतीतल्या अर्थमधून आणि एकदा कॅननच्या जाळीतून. दोन्हीकडच्या अर्थमध्ये व्होल्टचा बारीकसा जरी फरक असला तरी त्या वाटोळ्या रस्त्यानं करंट फिरू लागतो, आणि तो फिरताना तुम्ही ऐकता. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. खात्री करायला साउंडवाल्याला चॅनल म्यूट करायला सांगा आणि कॅनन उपटा. तुमच्या अँपची घरघर थांबली? मग तोच.

इथं हमखास कुणीतरी येतो आणि म्हणतो, ‘अर्थची पिन काढून टाका की, आवाज जातोय बघा.’ थ्री-पिनची वरची जाड पिन. आवाज खरंच जातो, लूप तुटतो ना! म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकलाय. मेच्या एका लग्नात माझ्या अँपला कुणीतरी टू-पिन जोड लावून दिली. घरघर गायब, मी खूश. तिसऱ्या गाण्याला कोरस म्हणायला माइकजवळ गेलो आणि ओठाला झिणझिण्या आल्या. मुंगी चावावी तशा. हात तारांवर, तोंड माइकवर, मधे मी. त्या दिवशी ते झिणझिण्यांवर भागलं. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला लेस हार्वी हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. कार्यक्रम चालू असताना.

तेव्हा पिन काढायची नाही. घरघर राहिली तर राहू दे, पण पिन काढायची नाही. करायचं ते असं: अँप आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स (आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) ठेवा आणि त्याच्यावरचं ‘लिफ्ट’ लिहिलेलं बटण दाबा. ते फक्त आवाजाच्या वायरीतली जाळी तोडतं. अँपची विजेची अर्थ जागच्या जागी राहते. हा फरक घोकून ठेवा. डीआय घेताना आत ट्रान्सफॉर्मर असलेला साधा घ्या, त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टही लागत नाहीत. काही अँपच्या पाठीवरही असंच बटण असतं, मला ते सहा महिन्यांनी दिसलं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मिक्सर आणि स्टेजवरचं सगळं सामान एकाच ठिकाणाहून वीज घेईल असं करणं. आमच्याकडं आता अडीच स्क्वेअर एमएमची तीस मीटर लांब विजेची वायर आहे, ती मल्टीकोरबरोबर (आवाजाच्या सगळ्या वायरी एकत्र नेणारी जाड केबल) स्टेजवरून मिक्सरपर्यंत जाते. साउंडवाले अण्णा सुरुवातीला वैतागले. ‘एवढी वायर कशाला, तिथं बोर्ड आहे की!’ एकदा लावून दिली, त्यांनी हेडफोन लावला, आणि मग काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी स्वतःच विचारलं, ‘ती लांब वायर आणलाय न्हवं?’

अर्थ आहे की नाही तेही बघायला हवं. पिनचं भोक असणं आणि अर्थ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या हॉलमध्ये भोकामागं वायरच नसते. लावल्यावर दिव्यांच्या खुणेनं सांगणारा सॉकेट टेस्टर मिळतो, तो घ्या. मल्टिमीटर वापरणारा वायरमन असेल तर त्याला मोजायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा वीस-तीस आला तर तिथं काही लावू नका. न्यूट्रल ढिला असेल तर अँप जळायलाही वेळ लागत नाही.

लॉनवर जनरेटर असला की त्याचा अर्थचा रॉड कुठं ठोकलाय ते बघतो मी. खानापूरकडची तांबडी, जांभ्याची जमीन मेमध्ये अशी वाळते की रॉड ठोकला काय, न ठोकला काय. कोरड्या मातीतून करंट जात नाही. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून रॉडच्या बुडाशी ओततात, ते थोतांड नव्हे. पावसाळ्यात हा प्रश्न नसतो. तेव्हा मंडपाच्या छतातून बोर्डावर गळणारं पाणी हा प्रश्न असतो, आणि त्याला एकच उत्तर, मेन बंद.

दिवेवाले

झर्रर्र येत असेल तर लाइटवाल्या भाऊंना विनंती करा, दहा सेकंद सगळं बंद करा. गप्प झालं? मग दिवे अर्ध्यावर आणि पूर्ण असे लावून बघायला सांगा. डिमर विजेच्या लाटेचा तुकडा कापून दिव्याला देतो, आणि अर्ध्यावर असताना ती कापणी सगळ्यात तीक्ष्ण असते. म्हणून रोमँटिक गाण्याला दिवे मंद झाले की बेस किरकिरतो. तीन फेजची लाइन असेल तर साउंडचं सगळं एका फेजवर आणि दिवे उरलेल्या दोनवर घ्यायला सांगा. साउंडचं मात्र दोन फेजवर वाटू नका, दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास फरक असतो. विजेच्या आणि आवाजाच्या वायरी समांतर नेऊ नका. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. हे स्टेज लावतानाच करायचं, नंतर गालिच्याखालून वायरी काढायला कुणी तयार होत नाही.

पेडलचं थोडक्यात. एका स्वस्त अडॅप्टरवरून पाच पेडल माळेसारखी लावली असतील तर एकेक करून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, चोर सापडतो. बॅकिंग ट्रॅक लॅपटॉपवर असेल तर चार्जर उपटा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

आता माझ्या पिशवीत ट्यूनर, डीआय, सॉकेट टेस्टर, दोन ओळखीच्या वायरी आणि ती तीस मीटरची असते. पिशवी बेसपेक्षा जड झालीय, स्कूटरवर पायाशी मावत नाही.

राहिला एक प्रश्न, तो सुटलेला नाही. मागं मोठी एलईडी वॉल असली की अजूनही घरघर येते. लिफ्ट दाबून, फेज बदलून, सगळं करून झालंय. तिच्यापासून दहा-बारा फूट लांब, डाव्या बाजूला ड्रमच्या पुढं तिरकं उभं राहिलं की ती जवळजवळ मरते, म्हणून मी तिथं उभा असतो. फोटोत कधीच येत नाही.